डोंगरातल्या खोल बर्फासाठी स्नोमोबाइल: १५४ की १६५? टर्बो की साधी?

कॅलगरीचा_बंड्या

नमस्कार मंडळी. कॅलगरीत येऊन तीन हिवाळे झाले. पहिला रडण्यात गेला. दुसऱ्यात स्कीइंग शिकायला गेलो आणि गुडघा दुखावून घेतला. तिसऱ्यात ऑफिसातल्या एकाने ब्रिटिश कोलंबियातल्या रेव्हलस्टोकला नेऊन भाड्याच्या स्नोमोबाइलवर बसवलं आणि माझं वाटोळं झालं. आता डोक्यात दुसरं काही येतच नाही.

दोनदा जाऊन आलोय. पहिल्या वेळी वाट दाबून सपाट केलेली होती, त्यामुळे आपल्याला सगळं जमतं असा गैरसमज झाला. दुसऱ्या वेळी वाटेवरून जेमतेम दहा फूट बाजूला गेलो आणि गाडी सीटपर्यंत रुतली. उतरलो तर मी कमरेपर्यंत. पाऊण तास फावड्याने उकरत होतो. मजा म्हणजे, मला तेच पुन्हा करायचंय. (रुतायचं नाही, वाटेबाहेर जायचंय.)

तर आता स्वतःची घ्यायची आहे. माझी उंची ५ फूट ६ इंच, वजन ६४ किलो. बजेट सगळं धरून १४ हजार कॅनेडियन. जुना पिकअप आहे, त्यामुळे ट्रेलरचा खर्च नाही. दुकानात गेलो तर विक्रेता १५४, १६५, अडीच, तीन, टर्बो असे आकडे मटक्यासारखे सांगत होता. कृपया मराठीत समजावा.

टवाळ

घरी विचारलंस का?

कॅलगरीचा_बंड्या

घरून 'बघू' असं उत्तर आलंय. आमच्याकडे त्याचा अर्थ अजून लागायचा आहे.

भुसभुशीत

बंड्या, मी रेव्हलस्टोकलाच राहतो. २०१२ पासून चालवतोय. जरा लांबण लागेल, पण एकदा लिहूनच टाकतो, दर वर्षी कोणी ना कोणी विचारतंच.

आधी शब्दांचा घोळ मिटवू. गाडीच्या खालचा रबरी पट्टा तो ट्रॅक. इंजिनाची ताकद एका क्लचकडून दुसऱ्या क्लचकडे नेतो तो बेल्ट. मराठीत दोन्ही पट्टेच, म्हणून इंग्रजी नावंच वापरतो. ट्रॅकवर रबराच्या ज्या उभ्या पट्ट्या असतात त्या लग. आणि इथे गाडीला कोणी स्नोमोबाइल म्हणत नाही, स्लेड म्हणतात.

वाटेवर चालवायच्या स्लेडचा ट्रॅक १२९ किंवा १३७ इंचांचा असतो, लग एक ते दीड इंच, पुढच्या दोन स्कींमधलं अंतर ऐसपैस, म्हणजे वळणावर उलटत नाही. डोंगरातल्या स्लेडचं सगळं याच्या उलट. ट्रॅक १४६ पासून १७५ इंचांपर्यंत, लग अडीच ते तीन इंच, स्की जवळ जवळ. कारण तिथे गाडी उलटू नये ही अपेक्षाच नसते, उलट ती मुद्दाम एका कुशीवर पाडून चालवायची असते. स्की लांब लांब असतील तर ६४ किलोचा माणूस ती कुशीवर पाडू शकत नाही. दुकानात क्रॉसओव्हर नावाचा मधला प्रकार दाखवतील. तुला वाटेबाहेरच जायचं असेल तर त्याच्या नादी लागू नकोस.

आता १५४ म्हणजे काय? ट्रॅकचा पूर्ण घेर. वर टनेलमधून (सीटखालच्या, ट्रॅक झाकणाऱ्या पन्हाळीतून) फिरणारा भागही त्यात आला. जमिनीला लागतो तो निम्म्याहून कमी. दुकानदार फक्त लांबी सांगतो, रुंदी सांगत नाही. स्की-डूच्या समिटला ट्रॅक १६ इंच रुंद, पोलारिसच्या आरएमकेला १५. आता गुणाकार कर: १६ गुणिले १५४ म्हणजे २,४६४ चौरस इंच. १५ गुणिले १६५ म्हणजे २,४७५. बर्फाने उचलून धरायचं क्षेत्रफळ जवळपास तेवढंच! म्हणजे एका कंपनीची १५४ आणि दुसरीची १६५ यांची नुसत्या आकड्यावरून तुलना करणारा माणूस उगाच भांडतोय.

एकाच कंपनीत मात्र फरक पडतो. लांब ट्रॅक जास्त तरंगतो, उभ्या चढावर सरळ चढत राहतो, चुकीला माफी देतो. पण वळायला आळशी. झाडांमधून वाट काढताना १७५ म्हणजे गल्लीत एसटी. आखूड ट्रॅक पटकन वळतो, पुढचं तोंड झटकन उचलतो, पण जोर कमी पडला की शेपटी खाली जाते आणि तू पुन्हा फावडं घेऊन उभा.

तुझं वजन ६४. इथले बरेच जण कपडे, बूट, बॅग धरून ११० च्या पुढे असतात आणि तेही १६५ वर खूश असतात. तू कपडे-बॅग धरूनही त्यांच्यापेक्षा बराच हलका. तुला १५४ पुरेल. पुरेल काय, तीच बरी.

आंबेशेत

मी रत्नागिरीकडचा. बर्फ फक्त फ्रीजमध्ये पाहिलाय, पण हे वाचताना आमची चिखलणी आठवली. भाताच्या खाचरात पॉवर टिलर घालताना रबरी चाकं काढून लोखंडी पिंजऱ्याची चाकं लावतात. रबरी चाक चिखलात नुसतंच गरगरतं आणि खाली जातं. पिंजऱ्याच्या पात्यांना चिखल धरायला मिळतो. तुमचे लग म्हणजे तीच पाती ना? मग तीन इंचीच घ्या की, अडीच कशाला?

भुसभुशीत

आंबेशेत, दंडवत! गेली कित्येक वर्षं मी लोकांना हे समजावतोय, पिंजरा कधी सुचला नाही.

अडीच कशाला त्याचंही उत्तर तुमच्याकडेच आहे. एका जागी उभा टिलर जोरात फिरवला तर काय होतं? पाती खाली खड्डा खणतात आणि टिलर त्यातच बसतो. तीन इंची लगचं तेच. चालत्या गाडीला खोल भुसभुशीत बर्फात ती ओढ देतात, पण जागच्या जागी थ्रॉटल (हॅन्डलवरचा, अंगठ्याने दाबायचा) दाबला तर दोन सेकंदांत खंदक तयार. नवशिक्या नेमका हेच करतो, घाबरला की अंगठा दाबतो. बंड्या, सीटपर्यंत रुतलास तेव्हा हेच केलं होतंस ना?

आणखी एक. डोंगरात पोचायच्या आधी दहा-पंधरा किलोमीटर दाबलेल्या, टणक वाटेनेच जावं लागतं. या गाड्यांना मोटारीसारखा पुढे रेडिएटर नसतो. टनेलच्या आत पन्हाळीसारखे कूलर असतात, ट्रॅकने उडवलेला बर्फ त्यांच्यावर आपटून गार करतो. वाट टणक असली की बर्फ उडत नाही, इंजिन तापतं. ट्रॅक ज्या प्लॅस्टिकच्या पट्ट्यांवर घसरतो त्याही वितळायला लागतात. त्यासाठी रेल्सना (ट्रॅकच्या आतल्या लांब दांड्यांना) स्क्रॅचर असतात, वाकवलेल्या तारेसारखे. ते खाली सोडले की वाट खरवडून बर्फ वर उडतो. निघताना सोडायचे. रिव्हर्स घेण्याआधी तुझ्या गाडीचे उलटं चालणं सोसतात का ते बघ. सगळ्यांचे सोसत नाहीत, कटकन मोडतात. मी तीन मोडलेत.

अडीच घे. २.६ मिळाली तरी तेच.

कॅलगरीचा_बंड्या

हो. अंगठाच दाबला होता. आणखी जोरात दाबला होता.

टर्बोराव

बाकी सगळं मान्य, पण टर्बोबद्दल कोणी बोलायचं? मी एडमंटनहून दर शनिवार-रविवार व्हेलमाउंटला जातो. आधी साधी ८५० सीसीची होती, गेल्या वर्षी टर्बो (इंजिनात जास्तीची हवा कोंबणारी) घेतली. बंड्या, एकदा टर्बोवर बसलास की परत साध्यावर बसवणार नाही. उंचीवर साधी गाडी धापा टाकते. स्की-डूने २०२० च्या मॉडेलमध्ये फॅक्टरीतून आलेली पहिली टू-स्ट्रोक टर्बो आणली तेव्हा त्यांचं सांगणंच असं होतं की ८,००० फुटांपर्यंत पूर्ण १६५ हॉर्सपॉवर टिकते. पुढच्या टर्बो आरमध्ये ती १८० वर गेली. पोलारिसनेही बूस्ट नावाची टर्बो काढली. म्हणजे सगळे वेडे नाहीत. कर्ज काढ पण टर्बो घे. आयुष्य एकदाच मिळतं.

डेन्व्हरकर

आयुष्य एकदाच मिळतं हे कर्जाच्या हप्त्यालाही लागू आहे. :)

टर्बोराव, तुमचं म्हणणं माझ्या गावाला लागू आहे, बंड्याच्या नाही. अंदाजे हिशेब असा की साध्या इंजिनाची दर हजार फुटांना तीनेक टक्के ताकद जाते. आमची व्हेल पास १०,६६२ फुटांवर. म्हणजे गाडी उतरवायच्या जागीच १६५ ची ११२ झालेली असते, आणि तिथून आम्ही वर चढतो. कोलोरॅडोत टर्बो ही चैन नाही. रेव्हलस्टोक गाव मात्र पाचशे मीटरच्याही खाली. वर डोंगरात २,२०० मीटर धरा, म्हणजे ७,२०० फूट. १६५ ची १२९-१३० राहते. ६४ किलोच्या, दोनदाच चालवलेल्या माणसाला १३० घोडे कमी पडतात का? त्याला आधी लगाम धरायला शिकू द्या.

उत्तरचौकी

उंचीचा विषय निघाला म्हणून लिहितो. मी सैन्यातून निवृत्त, काही काळ सियाचिनला होतो. तिथे या गाड्यांना आम्ही स्कूटरच म्हणायचो, स्नो स्कूटर. मागे दोराने स्लेज बांधून केरोसीनचे डबे, शिधा, कधी आजारी जवान न्यायचो. अठरा हजार फुटांवर हवा समुद्रसपाटीच्या निम्मी. माणूसही निम्मा आणि इंजिनही निम्मं. सकाळी ती चालू होणं हाच दिवसाचा पहिला विजय असायचा. आणि वेग? कोणी विचारतही नव्हतं. पुढच्या बर्फाखाली भेग आहे की नाही एवढंच बघायचं. ठरलेल्या वाटेवरून हातभरही बाजूला जायचं नाही.

तुम्ही हौसेने वाटेबाहेर जाता हे वाचून गंमत वाटली. जा, पण एकटे जाऊ नका.

टर्बोराव

काका, सॅल्यूट. तुमच्यापुढे काय बोलणार.

(पण डेन्व्हरकर, ताजा बर्फ चार फूट पडला की १३० घोडे कमीच पडतात. पडल्यावर सांगेन.)

रानजाई

एवढा वेळ नुसतं वाचत होते, आता राहवत नाही. मी ५ फूट २ इंच, ५५ किलो. दहा वर्षं स्लेड चालवतेय, गोल्डन आणि सिकामूस भागात. दुकानात गेले की विक्रेता माझ्याशी न बोलता नवऱ्याशी बोलतो, तो बिचारा कार्यालयातला माणूस, त्याला स्लेडमधलं ओ का ठो कळत नाही.

बंड्या, हॉर्सपॉवर आणि इंच हे सगळं नंतर. तुझं वजन गाडीच्या एक तृतीयांश आहे. २०० किलोची गाडी ताकदीने कधीच वळणार नाही. ती तोलाने वळते, आणि तोल ज्या गाडीवर तुला सहज सापडेल ती तुझी गाडी. दुकानात सपाट जमिनीवर एक परीक्षा कर. डाव्या बाजूला उभा राहा, डावा पाय फूटबोर्डवर, दोन्ही हात हॅन्डलवर, आणि अंग बाहेर झोकून गाडी स्वतःकडे ओढ. उजवी स्की जमिनीवरून उचलली जाते का? हिसका न देता, श्वास न रोखता? एकीवर उचलली गेली आणि दुसरीवर नाही, तर माहितीपत्रक फेकून दे आणि पहिली घे. स्कींचं अंतर कमी-जास्त करता येतं, सगळ्यात अरुंद करून मागायचं.

हॅन्डलची उंचीही बघ. आपण खोल बर्फात उभ्यानेच चालवतो. हॅन्डल खाली असलं तर दिवसभर ओणवं राहून कंबर जाते. हॅन्डलच्या मधोमध कापडी पट्टा असतो, चढाच्या आडव्या अंगाने जाताना तो एका हाताने धरतात. तुझा हात तिथे पोचतो का?

आडव्या अंगाने जाण्याचंच सांगते, कारण डोंगरातलं खरं चालवणं तेच. समज, डोंगर तुझ्या डावीकडे आहे. गाडी डाव्या कुशीवर, डोंगरात रुतवून ठेवायची. आता गंमत अशी की हॅन्डल वळवायचं उजवीकडे, उताराकडे! डोक्याला पटत नाही. पहिली दोन वर्षं माझा हात डावीकडेच जायचा, गाडी सपाट व्हायची आणि खाली गडगडायला लागायची. मग एकदा एका झाडाच्या बुंध्याभोवतीच्या खड्ड्यात उतरले. गाडीसकट. चार माणसांनी दोराने काढली. त्या दिवशी हात शिकला.

हे सगळं शिकायला हलकी, साधी, १५४. टर्बोवर हे शिकता येत नाही असं नाही, पण टर्बो चूक मोठी करते. अंगठा चुकला तर साधी गाडी तुला खड्ड्यात घालते, टर्बो झाडात घालते.

टवाळ

हे सगळं वाचून मला आमचं गुलमर्ग बरं वाटतंय. पुढे गाडीवाला, मागे मी, दहा मिनिटं फेरी, त्यात पाच मिनिटं फोटो. पैशांची घासाघीस मात्र पाऊण तास. रुतण्याचा प्रश्नच नाही, अख्ख्या गुलमर्गाने तो बर्फ आधीच तुडवलेला असतो.

कॅलगरीचा_बंड्या

रानजाई ताई, उजवीकडे वळवायचं हे मी तीनदा वाचलं. खुर्चीवर बसून करूनही बघितलं. बायकोने विचारलं काय झालं म्हणून.

१५४, साधी ८५०, अडीच इंची: ठरलं असं समजू. नवी परवडत नाही, नव्या १८-२० हजारांच्या पुढे. जुनी घ्यायची तर काय बघायचं? आणि कंपनी कुठली?

भुसभुशीत

कंपनीवरून इथे मोहरमच्या मिरवणुकीसारखी छाती पिटतात, मी त्यात पडत नाही. थोडक्यात: यामाहाने २०२३ मध्येच जाहीर केलं की २०२५ चं मॉडेल शेवटचं. त्यांच्या फोर-स्ट्रोक इंजिनाचं नाव मोठं, पण डोंगरासाठी त्या गाड्या जडच. आर्क्टिक कॅट टेक्स्ट्रॉनकडे होती, त्यांनी २०२५ मध्ये ती विकली. तिच्या अल्फाला मागे दोन रेल्सऐवजी एकच मधली रेल आहे, कुशीवर इतकी सहज पडते की काहींना तीच आवडते आणि काहींना भीती वाटते. उरल्या समिट आणि आरएमके. तुझ्या घराजवळ चांगला मेकॅनिक ज्याचा, ती घे. खरंच एवढंच.

जुनी बघायला जाताना विक्रेत्याला आधीच सांग, इंजिन गार ठेव. पोचल्यावर पहिलं काम म्हणजे हात एक्झॉस्टवर. गरम लागला तर त्याने आधीच चालू करून ठेवलीय, कारण गार असताना ती चालू होत नाही. परत फिर. मी फिरलो नव्हतो, म्हणून सांगतोय. घरी आणली, दुसऱ्या दिवशी सकाळी उणे वीसमध्ये दोरी ओढून ओढून खांदा निखळायची वेळ आली.

मग कॉम्प्रेशन. दोन्ही सिलिंडरचं सारखं हवं, दहा टक्क्यांच्या वर फरक असेल तर सोड. किलोमीटरपेक्षा इंजिनाचे तास विचार. डोंगरातली गाडी तासाला फार अंतर कापत नाही, पण सगळा वेळ पूर्ण जोरात असते. टनेलला वाक, पुढच्या आर्म्सना वेल्डिंग, रेलला तडा, तुटलेले लग, सगळं बॅटरीच्या उजेडात वाकून बघ. लाज वाटू देऊ नकोस. टनेलवरचा नंबर कागदाशी जुळव आणि गाडीवर कर्ज नाही ना ते तपासून घे.

एक प्रश्न सगळे विसरतात: ही गाडी कुठे चालली? सॅस्कॅचवानच्या सपाटीवरून आलेली असेल तर क्लच तिथल्या हवेला लावलेला. डोंगरात इंजिनाची ताकद कमी झाली की जड वजनांचा क्लच ते ओढत नाही. पूर्ण थ्रॉटलला इंजिन साधारण आठ हजार आरपीएमच्या (मिनिटाला फेऱ्यांच्या) आसपास जायला हवं ते साडेसात हजारांवर अडकतं आणि तुला वाटतं इंजिन गेलं. गेलेलं नसतं. क्लचमधली वजनं बदलायची, किरकोळ खर्च. हे माहीत असेल तर उलट भाव पाडून घेता येतो.

आणि बेल्ट. एक जास्तीचा कायम गाडीवर. पहिला तुटेल तो संध्याकाळी चारला, सर्वात लांबच्या दरीत. घरी गॅरेजमध्ये दोनदा बदलून बघ, हातमोजे घालून.

तेलाचं: टू-स्ट्रोक आहे, पण जुन्या चेतकसारखं पंपावर टू-टी तेल पेट्रोलमध्ये मिसळायचं नाही. तेलाची टाकी वेगळी, गाडी स्वतः मिसळते. पेट्रोल ९१ ऑक्टेन.

रानजाई

बंड्या, १४ हजार सगळं धरून म्हणालास. सगळं म्हणजे काय काय धरलंयस?

कॅलगरीचा_बंड्या

गाडी, हेल्मेट, बूट, सूट.

रानजाई

वाटलंच. मग ११ हजारांच्या वर गाडीला घालू नकोस. बाकीचे हिमस्खलनासाठी ठेव. ट्रान्सीव्हर (गाडला गेलेला शोधायचं सिग्नलचं यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून चाचपायची लांब काठी), फावडं. आणि दोन दिवसांचा एएसटी १ (हिमस्खलनातल्या बचावाचा पहिला) कोर्स, तोही स्लेडवाल्यांसाठी असलेला. हा पर्यायी खर्च नाही. आमच्या गटात हे तीन अंगावर नसतील तर पार्किंगमधूनच परत पाठवतात, पाहुणा असला तरी.

अंगावर म्हणजे अंगावर. पुष्कळ जण फावडं आणि प्रोब गाडीच्या टनेलवरच्या बॅगेत ठेवतात, वजन नको म्हणून. मित्र गाडला गेला तेव्हा तुझी गाडी कुठे असेल? तीही बर्फाखाली, नाहीतर दोनशे मीटर वर. ट्रान्सीव्हर अंगातल्या थराच्या आत, आणि फोन त्याच्यापासून निदान वीतभर लांब. शोधताना तर अर्धा मीटर. तापणारे हातमोजे, कॅमेरे, सगळं त्यात खरखर करतं. पाठीवरची फुगणारी एअरबॅग चांगलीच, पण ती या तिघांच्या जागी नाही.

भुसभुशीत

यावर मला थोडं लिहायचंय. १३ मार्च २०१० ला आमच्या बोल्डर माउंटनवर मोठ्या उतारावरचा बर्फ सुटला. खाली स्लेडवाल्यांचा मेळावा जमला होता. दोघं गेली, तीसेक जखमी झाली. मी इथे आलो त्याच्या दोन वर्षं आधीची गोष्ट, पण ज्यांनी त्या दिवशी हातांनी उकरलं त्यांच्याबरोबर मी चालवतो. ते आजही मोठ्या उताराच्या पायथ्याशी डबा उघडू देत नाहीत. कोणी थांबलाच तर नुसते हात करून 'चल' म्हणतात. कारण सांगत नाहीत.

त्याच्या आधी, २८ डिसेंबर २००८ ला, फर्नीजवळ हार्वे पासला अकरा जण होते. पहिल्या स्खलनात काही गाडले गेले, उरलेले त्यांना काढायला धावले आणि दुसरं स्खलन आलं. आठ गेले.

म्हणून काही गोष्टी. उतार ३० ते ४५ अंशांचा असेल तर तो सुटू शकतो, आणि आपल्याला चढायला आवडतो तो नेमका तेवढाच. उतारावर एका वेळी एकच. वर कोणी रुतला तर मदतीला दुसऱ्याने चढायचं नाही, त्याचं तो काढेल. थांबायचं ते बाजूला, तोंड बाहेरच्या दिशेला, इंजिन बंद करणारी सुरक्षा-दोरी मनगटाला तशीच. सकाळी अ‍ॅव्हलांच कॅनडाचा हिमस्खलनाचा अंदाज वाचल्याशिवाय पिकअप चालू करायचा नाही. धोक्याची पातळी पाचपैकी तीन म्हणजे 'मध्यम' असं वाटतं, पण तसं नाही. तीनला माणसं मरतात.

टर्बोराव

+१. यात माझा काही वाद नाही. ताई म्हणतात ते खरं, माझी बॅग टनेलवर असते. या शनिवारपासून पाठीवर.

कॅलगरीचा_बंड्या (सात आठवड्यांनंतर)

मंडळी, धागा वर काढतोय.

घेतली! जुनी समिट, ८५०, १५४, अडीच इंची. ९,६०० ला. तिसरी बघितलेली. पहिलीचा एक्झॉस्ट गरम होता. विक्रेता म्हणाला, 'तुमच्यासाठीच गरम करून ठेवली.' मी म्हटलं, 'खूप उपकार,' आणि निघालो. दुसरीच्या टनेलला वाक होता. तिसरीचा मालक सत्तरीचा, गुडघे गेले म्हणून विकत होता. त्याने स्वतःहून बेल्ट बदलून दाखवला आणि मग मला बदलायला लावला. मला अकरा मिनिटं लागली. तो बघत उभा होता, काही बोलला नाही. दुसऱ्यांदा सात. मग किल्ली दिली.

रानजाई ताईंची परीक्षा तिन्हींवर केली. गंमत म्हणजे दुसरी सगळ्यात सहज उचलली जात होती. वाक नसता तर तीच घेतली असती.

कोर्स झाला. पोत्यात ट्रान्सीव्हर घालून पुरून ठेवतात आणि शोधायला लावतात. पहिल्या प्रयत्नाला मला चौदा मिनिटं लागली. शिक्षक शांतपणे म्हणाला, पोतं मेलं. शेवटच्या दिवशी पाच मिनिटांवर आलो. शोधणं सोपं, उकरणं अवघड. आपटून बसलेला बर्फ सिमेंटसारखा होतो हे माहीतच नव्हतं.

आणि गेल्या रविवारी भुसभुशीत दादांबरोबर बोल्डरला गेलो. वर ताजा बर्फ गुडघाभर. सकाळपासून चारदा रुतलो. पण आता अंगठा सोडतो. उतरतो, चढाच्या बाजूचा बर्फ पायांनी तुडवून घट्ट करतो, स्की उताराकडे ओढतो, मग हळूच बाहेर. शेवटच्या वेळी सहा मिनिटांत निघाली. दुपारी एका उतारावर आडव्या अंगाने गेलो, डोंगर डावीकडे. हात डावीकडेच जात होता, ओरडून स्वतःलाच 'उजवीकडे! उजवीकडे!' सांगितलं. हेल्मेटमध्ये स्वतःचाच आवाज घुमला. तीस-चाळीस मीटर गाडी कुशीवर सरळ चालली, उजवी स्की हवेत, बर्फ छातीवर उडत होता. मग पडलो.

रानजाई

चाळीस मीटर! मला पहिल्या वर्षी दहाही जमले नव्हते. अभिनंदन.

भुसभुशीत

पडला तेव्हा हसत होता. मी साक्षीदार.

टवाळ

प्रचि (फोटो) टाका की राव. आणि 'बघू'चा अर्थ लागला का?

कॅलगरीचा_बंड्या

लागला. गॅरेजमध्ये स्लेड आत आणि तिची गाडी बाहेर असं दोन आठवडे चाललं. उणे अठ्ठावीसच्या सकाळी ती काच खरवडत होती आणि मी खिडकीतून बघत होतो, तेव्हा अर्थ लागला. आता स्लेड मागे ताडपत्रीखाली.

त्यावरूनच शेवटचा प्रश्न. एप्रिल-मेनंतर ती ठेवायची कशी? टाकी रिकामी की भरलेली?

भुसभुशीत

भरलेली, पेट्रोल टिकवायचं औषध टाकून. औषध टाकल्यावर पाच मिनिटं चालव, म्हणजे ते पुढेपर्यंत पोचतं. बेल्ट काढून ठेव. मागची बाजू ठोकळ्यावर उचल, ट्रॅक जमिनीला टेकता कामा नये. आणि एक्झॉस्टच्या तोंडात भांडी घासायची तारेची घासणी कोंब.

कॅलगरीचा_बंड्या

घासणी कशाला?

भुसभुशीत

उंदीर. माझ्या एअरबॉक्समध्ये एकदा अख्खं कुटुंब निघालं होतं, सीटच्या स्पंजाच्या गादीसह.

रानजाई

आणि नोव्हेंबरात चालू करायच्या आधी घासणी काढ. हॅन्डलला चिठ्ठी बांधून ठेव. मी दोन वर्षं लागोपाठ विसरले.